नव्या टाकीतले मासे का मरतात?

काचेची नवी टाकी आणायची, तळाशी वाळू पसरायची, नळाचे पाणी भरायचे आणि त्याच संध्याकाळी सहा गोल्डफिश सोडायचे, असाच बहुतेक घरांतला आणि शाळांतला क्रम असतो. पाणी अगदी नितळ दिसते. पण चार-पाच दिवसांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत निम्मे दगावलेले असतात. मग दुकानदाराने रोगट मासे दिले, असा निष्कर्ष निघतो. पुष्कळदा तो चुकीचा असतो. माशांना विषबाधा झालेली असते आणि हे विष त्यांच्याच शरीरातून आलेले असते.

प्रथिनांचा वापर होताना शरीरात अमोनिया तयार होतो. आपले यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. मासे मात्र तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात सोडून देतात. तळ्यात हे खपून जाते. चाळीस लिटरच्या टाकीत अमोनिया साठत जातो. न खाल्लेले खाद्य कुजून त्यात भर घालते.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो : अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. आयन त्या मानाने निरुपद्रवी. मुक्त अमोनिया मात्र कल्ल्यांतून सहज आत शिरतो. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर ठरते. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे घाण तेवढीच, पण विष जवळजवळ दहापट! आपल्याकडे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी अल्कधर्मी असते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

जुन्या टाकीत मासे जगतात ते जिवाणूंच्या कृपेने. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट बरेच कमी घातक असते. मधला नायट्राइट मात्र वाईट : तो रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करतो. रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. (अशा वेळी पाण्यात थोडे मीठ घालतात, ते उगीच नव्हे. मिठातले क्लोराइड आयन नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाहीत.)

हे काम दोन वेगळ्या जिवाणूगटांचे आहे, असे सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास दाखवले. आपण शिकवतो तो नायट्रोजन चक्राचा भाग हाच. त्यात आता एक दुरुस्ती करायला हवी. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा जिवाणू असल्याचे २०१५ साली दोन संशोधक गटांनी प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका गटाला ते मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या जैविक फिल्टरमध्ये सापडले होते.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, वाळू, काच यांना चिकटून राहतात. त्यांची वाढ फार सावकाश होते. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो; यांना तेवढ्यासाठी एखादा दिवस, कधी जास्तही लागतो. म्हणून नवी टाकी माशांना मानवायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. सुरुवातीला एक-दोनच मासे सोडावेत. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज मागून आणून आपल्या फिल्टरमध्ये घातला, तर हा काळ बराच कमी होतो.

आता दर रविवारच्या 'साफसफाई'कडे पाहा. सगळे पाणी ओतून टाकायचे, वाळू आणि स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन असतेच मुळी जिवाणू मारण्यासाठी. टाकी चकचकीत होते आणि पुन्हा पहिल्या दिवसावर येते. त्याऐवजी आठवड्याला पावएक पाणी बदलावे. नवे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच घालावे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. फिल्टर रात्री बंद करू नये, कारण या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो.

शाळेत नवी टाकी मांडणार असाल तर मासे आणायची घाई करू नका. आधी चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्या. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या चाचणीने मुलांना एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजू द्या आणि आलेख काढायला सांगा. अमोनिया चढून उतरू लागतो, मागोमाग नायट्राइट चढतो आणि तोही उतरतो. थोडे खाद्य टाकत राहूनही दोन्ही शून्यावर टिकले, की मासे आणायला हरकत नाही.

सुट्टीचेही सांगायला हवे. निरोगी मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. त्यामुळे शिपायाला 'रोज मूठभर घाला' असे सांगून जाण्यापेक्षा काहीच न घालायला सांगितलेले बरे.