'ब्रदर' ते 'फादर'

पुण्याच्या नगर रस्त्यावर, आता जिथं मेट्रोचं रामवाडी स्थानक झालं आहे त्या भागात, झाडीच्या आड एक मोठं आवार आहे. पेपल सेमिनरी, ज्ञानदीप विद्यापीठ ही नावं पुणेकरांनी येता-जाता पाटीवर वाचलेली असतात. आत काय चालतं असं विचारलं, तर बहुतेक जण 'फादर लोक तयार करतात' एवढंच सांगतील. उत्तर चुकीचं नाही. पण फादर 'तयार' होतो म्हणजे नेमकं काय होतं?

मला हा प्रश्न पडला तो बी.ए.ला असताना. आमच्या वर्गात वसईकडचा एक मुलगा होता, आमच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. हॉस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. गजर न लावता पहाटे साडेपाचला उठायचा. अंथरुणाची घडी पोस्टाच्या पाकिटासारखी चोख. मेसमध्ये सगळे ताटाशी बसल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. महिन्याभरानं कळलं, की हा सेमिनरी सोडून आलेला आहे. ही वेगळी दुनिया मला पहिल्यांदा दिसली ती त्याच्या सवयींतून.

आधी थोडा इतिहास सांगतो. पेपल सेमिनरीची मूळ स्थापना पुण्यातली नाही, श्रीलंकेतल्या कँडीची. 1893 च्या जूनमध्ये पोप लिओ तेरावे यांनी एक पत्रक काढलं. त्याचा गाभा असा, की युरोपातून येणाऱ्या पाद्र्यांवर भारतातलं चर्च कायम चालणार नाही. इथली भाषा, इथल्या चालीरीती जाणणारे इथलेच धर्मगुरू हवेत. (त्याच वर्षी सप्टेंबरात स्वामी विवेकानंद शिकागोत बोलले, हा आपला एक योगायोग.) 1955 साली ही संस्था कँडीहून पुण्यात आली. त्या काळात सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकायचं ते लॅटिनमधून. 1962 ते 65 या काळात व्हॅटिकनची दुसरी महासभा भरली आणि चर्चनं लोकभाषांना दार उघडलं.

या वातावरणातून पुण्याला काही फार मोलाची माणसं मिळाली. रिचर्ड डी स्मेट हे बेल्जियमचे येशूसंघीय फादर इथं वर्षानुवर्षं शिकवत होते आणि त्यांचा अभ्यासविषय होता शंकराचार्य! फ्रान्सहून आलेल्या फादर देल्यूरींनी विठोबाच्या भक्तीवर प्रबंध लिहिला. तो 1960 साली डेक्कन कॉलेजनं छापला. पाद्री म्हटलं की आपल्याला फक्त धर्मांतर आठवतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता विद्यार्थ्याकडे वळू. बारावीनंतर मुलगा येतो. आधी तयारीची वर्षं, मग तत्त्वज्ञान, मग 'रिजन्सी' म्हणजे एखाद्या धर्मग्रामात, शाळेत किंवा वसतिगृहात प्रत्यक्ष काम, मग परत येऊन ईशज्ञान. शेवटी डीकनची दीक्षा आणि त्यानंतर गुरुदीक्षा. सगळे मिळून दहा-बारा वर्षं सहज जातात. पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय फादर होता येत नाही, असा चर्चचा नियमच आहे. तोवर सगळे त्याला 'ब्रदर' म्हणतात.

दिवस घंटेवर चालतो. पहाटेची प्रार्थना, ध्यान, मिस्सा, नाश्ता, वर्ग. दुपारनंतर बागकाम, झाडलोट, फुटबॉल. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना आणि अभ्यास. जेवणानंतर थोड्या गप्पा, आणि मग रात्रीचं मौन. माझा मामेभाऊ मदरशात शिकायचा. पहाटेचं उठणं, रांगेतलं जेवण, घरून येणाऱ्या पत्राची वाट पाहणं, हे त्याच्याकडूनही मी ऐकलं होतं. फरक एक मोठा होता. मामेभाऊ शिकून बाहेर पडला आणि दोन वर्षांत त्याचा निकाह झाला. ब्रदरला घर मांडायचंच नसतं.

म्हणून सेमिनरीतले सोबती हेच पुढं आयुष्यभराचे नातलग होतात. आणि हे सोबती तरी कसे? केरळचा, झारखंडचा, गोव्याचा, वसईचा अशी मुलं एका बाकावर. कुणाला भाताशिवाय चालत नाही, कुणाला पोळीशिवाय. वर्गाची भाषा इंग्रजी, स्वप्नांची वेगळी. मित्र सांगायचा, की पहिल्या वर्षी सगळ्यात अवघड गेलं ते ध्यान नव्हे, दुसऱ्याच्या भाषेतला विनोद न कळताही हसणं.

प्रॉटेस्टंट पंथांच्या सेमिनरींत हे चित्र बदलतं. पुण्यातच बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती आधी यवतमाळला होती, 1983 मध्ये पुण्यात आली. तिथला विद्यार्थी लग्न झालेला असू शकतो. बायको-मुलांसह आवारात राहतो. म्हणजे ग्रीक व्याकरणाची परीक्षा आणि मुलाचा ताप एकाच रात्री! ईशान्येकडची नागा, मिझो मुलं-मुली तिथं शिकायला येतात आणि चार आवाजांत अशी गातात, की ऐकत राहावं.

पुन्हा कॅथलिक मुलाकडे येतो, कारण खरी कसोटी तिथं आहे. या दहा-बारा वर्षांत बरेच जण सोडून जातात. चर्चच्या दृष्टीनं तो गुन्हा नाही. 'पाचारण' आहे की नाही हे तपासण्यासाठीच तर ही वर्षं असतात. दीक्षेआधी उमेदवाराच्या गावच्या चर्चमध्ये त्याचं नाव पुकारायचीही पद्धत आहे. कुणाची हरकत असेल तर त्यानं सांगावं. नियम इतका समंजस आहे. गाव मात्र नसतं. मित्र घरी परतला तेव्हा आईनं दार उघडलं, पाणी दिलं आणि दोन दिवस काही बोललीच नाही. पुढं तीन महिने ती रविवारी पहाटेच्या मिस्सेला जात राहिली, कारण तेव्हा शेजारणी कमी असतात. कुणी म्हणालं, मुलीच्या भानगडीत पडला असणार. कुणी म्हणालं, अभ्यास झेपला नाही. तसं काहीच नव्हतं. एका रात्री मौनाच्या वेळी आपल्याला आता आतून काही ऐकू येत नाही, एवढंच त्याला कळलं होतं. ते त्यानं रेक्टरना सांगितलं. त्यांनी थांब असाही आग्रह धरला नाही आणि जा असंही म्हटलं नाही. महिनाभर रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर आवारात फेऱ्या मारल्या.

काही वर्षांनी त्याच्या बरोबरीच्या एकाची गुरुदीक्षा होती. तो मला वसईला घेऊन गेला. अल्तारासमोर उमेदवार पालथा, जमिनीला कपाळ टेकून पडला होता आणि सारी सभा एकेका संताचं नाव घेत गात होती. मित्र शेजारी उभा राहून सगळं तोंडपाठ म्हणत होता. दीक्षा झाल्यावर नवे फादर पायऱ्या उतरून आले, आधी स्वतःच्या आईपाशी गेले, मग मित्राच्या आईपाशी. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला. ती त्यांचे तळहात डोळ्यांना लावून रडत राहिली. नंतर मंडपात जेवायला बसलो. फुग्यांची टोपली फिरत होती. माझं ताट शाकाहारी वाढायला मित्रानं आधीच सांगून ठेवलं होतं. सगळे बसेपर्यंत त्यानं घास उचलला नाही. समोर पाहिलं, तर नवे फादरही थांबले होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)