तिकिटांच्या जुन्या वहीचा कुबट वास

टपालाचीं तिकिटें जमविण्याचा छंद वयानें टपालाच्या तिकिटाहून फारसा लहान नाहीं. जगांतील पहिलें तिकीट १८४० सालच्या मे महिन्यांत इंग्लंडांत चालू झालें, आणि १८६२ सालीं पॅरिस येथें लालिये नांवाच्या गृहस्थानें तिकिटें लावण्यासाठीं खास छापलेली वही प्रसिद्ध केली. तेव्हांपासून अशा किती वह्या भरल्या गेल्या याची गणती नाहीं. त्यांपैकीं पुष्कळशा वह्या मूळ मालकाच्या मागें माळ्यावर, ट्रंकेंत किंवा कपाटाच्या तळाशीं पडून राहतात, आणि घर बदलण्याच्या वेळीं जुन्या बाजारांत जाऊन एखाद्या नव्या संग्राहकाच्या हातीं येतात. वही उघडली कीं, तिकिटें दृष्टीस पडण्याच्या आधींच नाकाला कळतें कीं ती कित्येक वर्षें बंद होती.

अशी वही घरांत आली म्हणजे बहुधा तीन मतें पडतात. एक म्हणतो, ही घाण आधीं बाहेर टाका. दुसरा ती गच्चीवर कडक उन्हांत नेऊन पसरतो. तिसरा तिच्यांत डांबराच्या गोळ्या घालून ती पुन्हां कपाटांत ठेवतो. तिघांचाहि हेतु चांगला असतो. परंतु पहिल्या उपायानें तिकिटें जातात, दुसऱ्यानें त्यांचे रंग जातात आणि तिसऱ्यानें एका वासाचे दोन वास होतात. म्हणून उपाय योजण्यापूर्वीं हा वास कशाचा आहे हें ओळखणें अवश्य आहे.

जुन्या वहीला येणारे वास मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला वास किंचित् गोडसर व कोरडा असतो. लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदांतील घटक वर्षानुवर्षें हवेशीं संयोग पावून हळुहळू विघटित होतात, त्यांतून हा वास निघतो. तो म्हातारपणाचा वास आहे. त्यापासून माणसाला अपाय नाहीं. दुसरा वास आंबूस किंवा रासायनिक असतो. तो वहींतील प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा असतो. पीव्हीसी जातीचें प्लॅस्टिक मऊ राहावें म्हणून त्यांत जीं द्रव्यें मिसळतात तीं कालांतरानें बाहेर पाझरतात व तिकिटाचा रंग ओढून घेतात. अशा पिशव्यांतून तिकिटें ताबडतोब काढणें हाच त्यावर उपाय. तिसरा वास ओल्या मातीसारखा, तळघरासारखा कुबट असतो. हा बुरशीचा वास होय.

बुरशीचे सूक्ष्म बीजकण सर्वत्र हवेंत तरंगत असतात. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या वर बराच काळ राहिली कीं कागद, पुठ्ठ्याची खळ, बांधणीचें कापड आणि तिकिटामागील डिंक हें सर्व या कणांचें अन्न बनतें. बुरशी वाढतांना कांहीं बाष्पशील द्रव्यें हवेंत सोडते. कुबट वास म्हणतात तो हाच. मुंबईंत व कोंकणांत पावसाळ्याच्या भरांत आर्द्रता शेंकडा ८० च्या वर असते. तेव्हां बंद ट्रंकेंतील वहीवर बुरशी आली तर त्यांत नवल नाहीं. तिच्या मागोमाग कागदावर तपकिरी ठिपके पडतात. संग्राहक त्यांस गंज किंवा तांबेरा म्हणतात. वास जाऊं शकतो. तांबेऱ्याचे डाग मात्र घरगुती उपायांनीं जात नाहींत, आणि ते घालविण्याच्या खटपटींत तिकीटच जातें.

बुरशी जिवंत आहे कीं सुप्त, हें प्रथम पाहावें. ती ओलसर असून बोटाखालीं माखत असेल तर जिवंत समजावी. ती कोरडी, भुकटीसारखी असून मऊ कुंचल्यानें सहज झडत असेल तर सुप्त समजावी. जिवंत बुरशी पुसूं नये. पुसल्यानें ती कागदाच्या तंतूंत अधिक खोल जाते. आधीं वही कोरडी केली पाहिजे. ती उभी ठेवून पानें पंख्याप्रमाणें सुटीं करावीं, आणि कोरड्या हवेच्या खोलींत दोन-तीन दिवस तशीच राहूं द्यावी. विजेचा पंखा चालवावा, पण त्याचा झोत वहीवर येऊं देऊं नये. नाहींतर बीजकण घरभर उडतात. हें काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करणें उत्तम. पावसाळ्यांतच वही हातीं आली तर वातानुकूलित खोलींत तें करावें.

या सर्व काळांत ती वही इतर संग्रहापासून व पुस्तकांपासून दूर ठेवावी. जेवणाच्या मेजावर तर ती उघडूंच नये. काम करणाऱ्यानें एन-९५ जातीचा मुखपट्टा व हातमोजे वापरावे. घरांत कोणास दमा असेल तर त्यानें आणि लहान मुलांनीं या कामापासून दूरच राहावें. हौसेच्या पायीं घरांतील माणसाचा श्वास कोंडावा इतकें मोल कोणत्याहि तिकिटाला नाहीं.

वही कोरडी झाल्यावर ती सज्जांत किंवा अंगणांत सावलींत न्यावी, आणि मऊ केसांच्या कुंचल्यानें एकेक पान झाडावें. कुंचला शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे, आणि आपल्या अंगापासून दूर असा फिरवावा. त्याच कुंचल्यानें पुढें दुसरी चांगली वही झाडूं नये.

यानंतर प्रश्न येतो तिकिटांचा. बिजागरीवजा कागदी पट्टीनें लावलेलें तिकीट पट्टी कोरडी असतां पुष्कळदां चिमट्यानें अलगद सुटतें. वापरलेलीं, शिक्का पडलेलीं साधीं तिकिटें, जशीं नाशिकच्या सरकारी छापखान्यांत १९२६ पासून छापलेलीं पंचम जॉर्जच्या मुखवट्याचीं नेहमींचीं तिकिटें, स्वच्छ पाण्यांत पंधरा-वीस मिनिटें भिजवून टीपकागदांत वाळवितां येतात, व त्याबरोबर त्यांचा वासहि बराच जातो. परंतु पाणी हा सर्वांवरचा उपाय नाहीं. काश्मीर संस्थानचीं आरंभीचीं कांहीं तिकिटें पाण्यांत विरघळणाऱ्या रंगांनीं छापलेलीं आहेत. इंग्लंडांत १८८३-८४ सालीं निघालेल्या हिरव्या व जांभळट तिकिटांची शाई तर शिक्का धुवून तिकीट पुन्हां वापरतां येऊं नये म्हणून मुद्दामच कच्ची ठेवलेली होती. सिंध प्रांतांत १ जुलै १८५२ रोजीं निघालेल्या अर्ध्या आण्याच्या तिकिटांपैकीं तांबडें तिकीट लाखेच्या ठिसूळ चकतीवर उमटविलेलें असे. अशा वस्तूला पाणी तर नाहींच, पण अकारण बोटहि लावूं नये.

न वापरलेल्या तिकिटांचें मोल त्यांच्या मागील अस्सल डिंकावर पुष्कळ अवलंबून असतें. १५ ऑगस्ट १९४८ रोजीं स्वतंत्र भारतानें महात्मा गांधींच्या स्मृत्यर्थ दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे व दहा रुपये अशा चार किंमतींचीं तिकिटें काढलीं. तीं स्वित्झर्लंडमध्यें छापलीं होतीं. त्यांतील दहा रुपयांचें कोरें तिकीट एखाद्या कुबट वहींत सांपडलें आणि कोणी वास घालविण्यासाठीं तें धुतलें, तर वासाबरोबर डिंक आणि डिंकाबरोबर किंमत गेली असें समजावें. असें तिकीट ओलाव्यानें पानाला चिकटलें असेल तर तें ओढूं नये. तेवढा पानाचा भाग तिकिटासह कापून ठेवावा आणि जाणत्या व्यापाऱ्यास किंवा संग्राहकास दाखवावा.

आतां खुद्द वास घालविण्याची रीत. घट्ट झांकणाची मोठी पेटी घ्यावी. तिच्या तळाशीं पसरट भांड्यांत सक्रिय कोळसा ठेवावा. या कोळशास असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांमुळें एका ग्रॅम कोळशाचा आंतला पृष्ठभाग कित्येक शें चौरस मीटर भरतो, आणि वासाचीं द्रव्यें त्यावर धरून ठेवलीं जातात. तो न मिळाल्यास खाण्याचा सोडा चालतो. तो आम्लधर्मी वास चांगला शोषतो, पण बुरशीच्या वासावर त्याचा गुण कमी. शेगडीचा कोळसा वापरूं नये, कारण त्याची काजळी उडते. भांड्यावर तारेची जाळी ठेवून तिच्यावर वही उभी, पानें सुटीं करून ठेवावी. कोळसा किंवा सोडा वहीला लागूं देऊं नये. पानांवर सोडा भुरभुरण्याची चाल तर अगदीं वाईट. तो शिवणींत अडकतो आणि दमट हवेंत कागदावर व शाईवर परिणाम करतो. पेटी एक आठवडा बंद ठेवून वही तपासावी, कोळसा बदलावा आणि असें तीन आठवडेपर्यंत करावें. पानांच्या मधून आम्लरहित कोरा पांढरा कागद घातल्यास काम लवकर होतें. वर्तमानपत्राचा कागद घालूं नये. त्याची शाई व आम्ल दोन्ही लागतात.

सिलिका जेल नांवाचे खडे पुष्कळ लोक वापरतात. ते ओलावा शोषतात. वासावर त्यांचा प्रत्यक्ष उपयोग थोडा. वही कोरडी राखण्यास ते चांगले, पण अति झाल्यास कागद वळतो आणि डिंकाला चिरा पडतात.

कांहीं गोष्टी मात्र कटाक्षानें टाळाव्या. ऊन बुरशी वाळवितें हें खरें, पण त्यांतील अतिनील किरण शाई फिकी करतात. अत्तर, उदबत्ती व धूप यांनीं वास झांकतो, जात नाहीं. शिवाय धुराचे कण कागदावर बसतात. डांबराच्या गोळ्यांची वाफ माणसाला अपायकारक आहे आणि तिचा वास वर्षानुवर्षें कागदांत मुरून राहतो. ओझोन सोडणारीं यंत्रें वासाबरोबर कागदाचे तंतूहि जाळतात. व्हिनेगर, ब्लीच किंवा जंतुनाशक द्रव फांसणें म्हणजे ओलाव्याच्या रोग्याला पुन्हां भिजविणें होय. शीतकपाटाच्या बर्फाच्या खणांत वही ठेवल्यानें बुरशीची वाढ थांबते. पण तिचे बीजकण मरतील असा भरंवसा नाहीं, आणि वासहि जात नाहीं.

तीन आठवड्यांनीं वास गेला नाहीं, किंवा गेला आणि पुन्हां आला, तर दोष वहीच्या पुठ्ठ्यांत व बांधणींत मुरला आहे असें समजावें. मग वहीचा मोह सोडून तिकिटें नव्या वहींत हलवावीं. पण जुनी वही टाकण्यापूर्वीं एक काम अवश्य करावें. अशा वह्यांतून तिकिटांखालीं बारीक अक्षरांत कांहीं लिहिलेलें असतें: अमुक तिकीट आफ्रिकेंतील मामाच्या पत्रावरचें, अमुक तिकीट मित्राशीं दोन तिकिटें देऊन बदललेलें, अमुक वाढदिवसाला मिळालेलें. वहीच्या पहिल्या पानावर शाळकरी मुलाचें नांव, इयत्ता आणि साल असतें. तिकीट जगांत दुसरें मिळूं शकेल. ही नोंद दुसरी मिळणार नाहीं. म्हणून प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्यावें, टिपणें नव्या वहींत उतरून घ्यावीं, आणि पहिलें पान कोरडें व स्वच्छ करून पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत जपून ठेवावें.

नवी वही आम्लरहित कागदाची असावी. तिच्यांत पॉलिएस्टरचीं पाकिटें किंवा ग्लासीन कागद असावा, पीव्हीसी नसावें. ती कपाटांत उभी ठेवावी. तिच्यावर इतर पुस्तकांचा दाब पडूं देऊं नये, आणि कपाट ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लावूं नये. थोड्या खर्चांत मिळणारा आर्द्रतामापक शेजारीं ठेवावा. त्याचा कांटा शेंकडा ४५ ते ५५ च्या आसपास असेल तर चिंता नाहीं. ६० च्या वर राहूं लागला कीं सावध व्हावें. पाऊस सरल्यावर महिन्यांतून एकदां, हवा कोरडी असेल त्या दिवशीं, वही उघडून पानें चाळावीं. ज्या वहीला नियमित वाचक असतो तिला बुरशी क्वचितच लागते.

कुबट वास हा वहीचा शत्रु नसून तिच्या शत्रूची वर्दी देणारा जासूद आहे. त्याचें तोंड अत्तरानें बंद केलें तर शत्रु आंत काम करीतच राहतो. त्याची वर्दी ऐकून ओल काढली, हवा दिली आणि थोडा धीर धरला, तर कोणा अनोळखी मुलानें ऐंशी वर्षांपूर्वीं मोठ्या निगुतीनें लावलेलीं तिकिटें पुढच्या मुलाच्या हातीं धडधाकट पडतात.