हायस्कुलातील हुन्नर

लिंबागणेशच्या हायस्कुलात मुलांना श्रम शिकवा, असे म्हणताच पालक दचकतील. आणि त्यांचे ते दचकणे रास्तच होय. भालचंद्राच्या देवस्थानामुळे ख्यात असलेले हे गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तेथून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून तेथे ‘एक कोयता’ गणला जातो. अशा घरच्या मुलास श्रमाचे माहात्म्य ऐकविणे ही थट्टाच! त्यास उणीव आहे ती श्रमामागील शास्त्राची.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. पुढे शाळांत ‘कार्यानुभव’ आला, पण बहुतेक ठिकाणी तो कागदी फुलांपाशीच थांबला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे मात्र निराळे घडले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम स्थापिला, आणि आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आखला. आठवड्यातून एक दिवस मुले-मुली लोखंड जोडतात, वीजजोडणी करतात, माती तपासतात. गावाची कामे मोबदला घेऊन करून देतात. सळई किती लागली, दर काय सांगावा, सांधा का तुटला, हे ज्यास कळते तो कारागीर. न कळे तो मजूर.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. दहा दिवसांत पक्कड धरता येईल, एवढेच! लिंबागणेशास आठवड्याचा एक दिवस हवा, आणि तो जूनपासून हवा. कारण मुकादमाची उचल दसऱ्यापूर्वीच घरात येते.