खिडकीची झडप

वऱ्हाडातील धनज गावी वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दुपारी पश्चिमेच्या खिडकीला पत्र्याची झडप असेल, तर ती बंद करूनही खोली तापते. कारण लोखंडातून लाकडाहून शेकडो पट अधिक उष्णता वाहते. लाकडातील सूक्ष्म पोकळ्यांत हवा कोंडलेली असते. तीच उष्णतेला अडविते.

परंतु सगळेच लाकूड टिकत नाही. सागाच्या गाभ्यात तैलयुक्त द्रव्ये असल्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाही; बाहेरचे फिकट लाकूड मात्र ती खुशाल पोखरते. म्हणून जाणता सुतार ‘साग’ एवढे नाव ऐकून भुलत नाही. तो फळीचा रंग पाहतो. पत्रा स्वस्त खरा. पण त्याच खोलीत दुपारी तान्हे मूल निजवावयाचे असते.