फिरत्या पृथ्वीचे चित्रण

लडाखमधील हानले येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलशास्त्रीय वेधशाळा आहे. तिथले अभियंता दोरजे अंगचुक यांनी २०२५च्या सुरुवातीला एक चित्रफीत लोकांसमोर आणली. तीत तारे जागच्या जागी स्थिर आहेत आणि जमीनच क्षितिजासकट हळूहळू कलंडत जाते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आपण शाळेत पाठ केलेले असते, पण तिचे फिरणे डोळ्यांनी पाहण्याची संधी क्वचितच मिळते. रात्रीच्या आकाशाचा टाइमलॅप्स ती संधी देतो, म्हणून तो नुसत्या छंदापुरता उरत नाही.

हे तंत्र महाराष्ट्राला जुने आहे. १९१२मध्ये दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रण केले आणि महिन्याभराहून अधिक काळाची वाढ एका छोट्या पटात बसवली. ‘अंकुराची वाढ’ हा तो पट. तो दाखवूनच त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले. इतकी सावकाश हालचाल, की डोळ्याला ती कळतच नाही. तिची ठरावीक अंतराने छायाचित्रे घ्यायची आणि ती वेगाने एकामागोमाग दाखवायची, हेच टाइमलॅप्सचे तत्त्व. आकाशासाठीही तेच वापरतात.

सेकंदांचे गणित

दर ३० सेकंदांनी एक छायाचित्र घेतले, तर दोन तासांत २४० छायाचित्रे मिळतात. सेकंदाला २४ या गतीने ती दाखवली की चित्रफीत होते अवघी १० सेकंदांची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे पडद्यावरच्या एका सेकंदात १२ मिनिटे सरतात आणि आकाश ३ अंश वळते. तारे उगवताना आणि मावळताना दिसू लागतात ते यामुळे.

खरी अडचण प्रत्येक छायाचित्रात असते. ताऱ्यांचा प्रकाश क्षीण, म्हणून कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते. पण तेवढ्या वेळात पृथ्वी फिरते आणि ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. यावर छायाचित्रकारांचा एक ठोकताळा आहे. फुल-फ्रेम कॅमेरा असेल, तर ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागायचे. २० मिलिमीटरच्या भिंगाला २५ सेकंद मिळतात, ५० मिलिमीटरच्या भिंगाला जेमतेम १०. हा नियम थोडा सैल आहे. २० मिलिमीटरच्या भिंगाने २५ सेकंदांचे छायाचित्र घेतले, तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा, उदाहरणार्थ मृगाच्या पट्ट्यातला तारा २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सुमारे ६ पिक्सेल सरकतो. मोठ्या छापील चित्रात ही रेघ जाणवेल. चित्रफितीत छायाचित्राचा आकार कमी होतो, त्यामुळे खपून जाते. ध्रुवताऱ्याजवळचे तारे याहून कमी सरकतात.

साहित्य कोणते?

सर्व नियंत्रणे हाताने ठरवता येतील असा कॅमेरा, हलणार नाही असा ट्रायपॉड, रुंद कोनाचे भिंग आणि ठरलेल्या अंतराने शटर दाबणारा इंटरव्हलोमीटर एवढ्यावर काम सुरू होते. अनेक कॅमेऱ्यांत इंटरव्हलोमीटर आतच असतो. पैसे खर्च करायचे, तर आधी भिंगावर करावेत. एफ २.८चे भिंग एफ ४च्या दुप्पट प्रकाश आत घेते, एफ १.८चे जवळजवळ पाचपट.

आयएसओ १६०० ते ६४००च्या दरम्यान ठेवतात. ऑटोफोकस अंधारात चाचपडतो, म्हणून तो बंद करून एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करावा आणि हाताने फोकस जुळवावा. व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर बांधून ठेवावा, नाहीतर चित्रफितीत आकाशाचा रंग सारखा बदलत राहतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन ही सोयही बंद हवी. ती चालू असेल, तर कॅमेरा प्रत्येक छायाचित्रानंतर तेवढाच वेळ एक काळे छायाचित्र घेत बसतो आणि ताऱ्यांची चाल अडखळत दिसते.

मध्यरात्रीनंतर दोन शत्रू येतात, दव आणि थंडी. उघड्या आकाशाखाली भिंगाची काच आपली उष्णता गमावते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसे दव मग भिंगावर जमते आणि पुढची सगळी छायाचित्रे वाया जातात. पॉवरबँकवर चालणारी एक गरम पट्टी भिंगाभोवती गुंडाळली की काम भागते. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, म्हणून कॅमेऱ्यालाही बाहेरून वीज द्यावी.

अंगचुक यांच्या चित्रफितीसारखे स्थिर तारे हवे असतील, तर ट्रॅकर लागतो. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात. तो २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी या गतीने कॅमेऱ्याला पृथ्वीच्या उलट दिशेने फिरवतो. पुण्यात हा अक्ष क्षितिजाशी साडेअठरा अंशांचा कोन करतो, कारण ध्रुवताऱ्याची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढी असते.

डोळ्यांपलीकडचे

अंधारात आपल्या डोळ्यांच्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाहीत आणि त्या सेकंदाच्या अंशापुरताच प्रकाश साठवतात. कॅमेरा २५ सेकंद प्रकाश साठवतो. म्हणून टाइमलॅप्समध्ये आकाशगंगेतले धुळीचे काळे पट्टे उठून दिसतात आणि हवेचे स्वतःचे हिरवट तेजही दिसते. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरचे ऑक्सिजनचे अणू, दिवसा सूर्यप्रकाशातून मिळवलेली ऊर्जा रात्री अशी परत करतात. वातावरणातल्या लाटा त्या थरातून पुढे सरकताना चित्रफितीत स्पष्ट ओळखू येतात. एकट्या छायाचित्रात त्यांची गती कळणार नाही. १० आणि ११ मे २०२४च्या मोठ्या सौरवादळात हानलेच्या आकाशावर लाल तेज पसरले, तेही तिथल्या सर्वाकाश कॅमेऱ्यांनी रात्रभर टिपले.

काळोख हेही साधनच

शहराच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशात महागडा कॅमेराही हतबल होतो. हानलेचा परिसर २०२२मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून अधिसूचित झाला. जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला; असा मान मिळवणारे ते भारतातले पहिले ठिकाण. आपल्याकडे आकाशगंगेचा केंद्रभाग पावसाळ्यात ढगांआड जातो. म्हणून तिच्यासाठी मार्च ते मे या महिन्यांतल्या अमावास्येच्या आसपासच्या पहाटा धराव्यात.

मात्र पहिल्या प्रयोगाला यातले बरेचसे लागत नाही. रात्रीचे छायाचित्र घेणारा मोबाइल एखाद्या स्टँडवर घट्ट बसवा आणि ध्रुवतारा चित्राच्या मध्यभागी ठेवा. तासाभराच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे छापून घ्या. दोन्हींत ध्रुवताऱ्यापासून त्याच एका ताऱ्यापर्यंत रेषा काढा आणि दोन्ही रेषांमधला कोन कोनमापकाने मोजा. तो १५ अंशांच्या जवळपास येईल. घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर हे मोजमाप त्याच्या हातून करून घ्या.