गावठाणातील खोदाई व लहान खोदयंत्र

परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. अशा जुन्या गावठाणात घराचा पाया खणावयाचा किंवा नळाची चारी काढावयाची झाल्यास पहिली अडचण जागेची येते. जल जीवन मिशनखाली २०१९ पासून गावोगाव नळवाहिन्यांची कामे निघाली, तेव्हा अरुंद बोळांत मोठे यंत्र वळविणे हा प्रश्न पुढे आला. तेथे लहान खोदयंत्र उपयोगी पडते.

साधारणतः सहा टनांपर्यंत वजनाच्या यंत्रास लहान खोदयंत्र म्हणतात. सर्वांत छोटी यंत्रे सुमारे एक मीटर रुंदीच्या वाटेने जातात. यात डिझेल इंजिन पंप फिरविते व पंप तेलावर दाब आणतो. ते तेल नळ्यांतून सिलिंडरात शिरून दट्ट्या ढकलते. त्यामुळे भुजा व बादली हलते. बंदिस्त द्रवावरील दाब सर्वत्र सारखाच पोचतो; म्हणून रुंद दट्ट्यावर मोठा जोर निर्माण होतो. भुजा बुडाशी डावी-उजवीकडे वळत असल्याने भिंतीलगत सरळ चारी खोदता येते. पुढील पात्याने माती लोटून चारी बुजविता येते.

सर्वच कामांस हे यंत्र योग्य नव्हे. ३० × ३० × ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या शेततळ्यातून २,१९६ घनमीटर माती निघते. तेथे मोठे यंत्रच परवडते. यंत्र तासावर भाड्याने मिळत असल्याने, ते येण्यापूर्वीच दोरी लावून फक्कीने आखणी करून ठेवावी.

खोदाईत खरा धोका मातीचा असतो. काळी जमीन पावसाने फुगते व उन्हाने भेगाळते. तिच्या उभ्या कडा अकस्मात ढासळतात. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या आसपास भरते. तिच्याखाली सापडलेल्या माणसास श्वास घेता येत नाही. म्हणून दीड मीटरहून खोल चारीत, कडांना उतार किंवा फळ्यांचा आधार दिल्याखेरीज कोणासही उतरू देऊ नये. निघालेली माती काठापासून निदान एक मीटर दूर टाकावी. जुन्या मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी एकाच वेळी लांब चारी काढू नये. थोडा भाग खोदून, काम उरकून, बुजवून मगच पुढे जावे. वरील विजेच्या तारा व जमिनीतील जुने नळ आधी पाहावेत. यंत्र फिरत असता भुजेच्या कक्षेत कोणीही उभे राहू नये. मुलांना तर दूरच ठेवावे.

यंत्राने श्रम व वेळ वाचतो. दक्षता मात्र माणसानेच घ्यावयाची असते.