कोविड वॉर्डातला धीर: गैरसमज आणि वस्तुस्थिती
कोविड वॉर्डात दाखल झालेल्या माणसाला दम लागण्याइतकीच आणखी एक धास्ती असायची. आपलं काही झालं तर घरचे तोंड तरी बघतील का, शेवटचं कोण करेल? या धास्तीची दखल घेणं हा आध्यात्मिक शुश्रूषेचा गाभा आहे. म्हणून त्याभोवतीचे गैरसमज पुढच्या साथीआधी दूर व्हायला हवेत.

सर्वांत घट्ट बसलेला समज असा, की कोविडने गेलेल्यांचं अंत्यदर्शन आणि विधी सरकारनेच बंद केले होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या सूचना वेगळंच सांगतात. कर्मचाऱ्यांनी मृतदेहाच्या पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडून नातेवाइकांना दर्शन घेऊ द्यावं, असं त्यात होतं. पोथीवाचन, तीर्थ शिंपडणं, देहाला हात न लावता होणारे इतर विधी, सगळ्याला मुभा होती. मनाई होती ती आंघोळ घालायला, कवटाळायला आणि मुके घ्यायला. राखेपासून धोका नाही, असंही स्पष्ट लिहिलं होतं. तरीही भीतीपोटी कितीतरी अस्थी स्मशानातच पडून राहिल्या. हे दुःख टाळता आलं असतं.

‘दफन धोक्याचं, दहनच हवं’ हाही असाच समज. मुंबई महापालिकेने ३० मार्च २०२० रोजी सर्वधर्मीयांसाठी दहनाची सक्ती करणारं परिपत्रक काढलं आणि ते लगेच बदलावं लागलं. वांद्र्याच्या दफनभूमींविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळली; मृतदेहातून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय पुरावा नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

धर्म साथीत अडून बसतात, असंही म्हणतात. पण व्हॅटिकनने २० मार्च २०२० रोजीच धर्मगुरूंना गरज पडल्यास वॉर्डाच्या दारातून रुग्णांना सामूहिक पापक्षमा देण्याची वाट मोकळी केली. पारशी समाज मृतदेह पक्ष्यांसाठी जिथे उघड्यावर ठेवतो, त्या दोखम्यांसाठी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तोडगा निघाला: देहावर पक्षी बसू नयेत म्हणून धातूची जाळी.

आणि फोन? जुलै २०२० मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं, की वॉर्डात आणि आयसीयूत रुग्णांना स्मार्टफोन, टॅब्लेट वापरू द्यावेत. उपकरण निर्जंतुक करावं आणि बोलण्याची वेळ ठरवून द्यावी. एखाद्या आजीला त्यावर हरिपाठ ऐकायचा असेल, एखाद्याला फक्त नातवाचा आवाज.

यातच पुढच्या गैरसमजाचं उत्तर आहे. आध्यात्मिक शुश्रूषा म्हणजे पूजापाठ नव्हे. देव न मानणाऱ्यालाही ‘हे माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न छळतो. त्याला उपदेश नको असतो, ऐकून घेणारं माणूस हवं असतं. आपली श्रद्धा रुग्णावर लादणं तर सरळ अन्याय आहे.

डॉक्टरांनी हात टेकल्यावरच हे सुरू करायचं, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपशामक उपचारांच्या व्याख्येत शारीरिक वेदनेसोबत मानसिक-सामाजिक आणि आध्यात्मिक त्रासही येतो, आणि तो लवकर ओळखावा असं ती सांगते. म्हणून दाखल करतानाच विचारावं: तुम्हाला धीर कशाने येतो, कोणाशी बोलायचंय? व्हेंटिलेटरची नळी घशात घातल्यावर रुग्णाला उत्तर देता येत नाही.